कर्नेलच्या आतून उघडलेली फाइल

अंकलना मी पहिल्या दिवसापासून हसायचो. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर हसायला मला सहा महिने लागले.

वसई पूर्वेला कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये आमची छोटी कंपनी होती. पत्र्याच्या छपराखाली दोन खोल्या आणि मागे यंत्रं चालवून बघायला एक मोकळी जागा, एवढाच पसारा. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांची बोटं वाचवणारं उपकरण आम्ही बनवत होतो. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा ठोकून त्याला आकार देणारं मशीन. वसईत तेव्हा गल्लीगल्लीत प्रेस चालायचे, आणि आमच्या नाक्यावरच्या टपरीवर चहाचा ग्लास उरलेल्या दोन-तीन बोटांनी धरलेला माणूस दिसला नाही असा दिवस जायचा नाही.

अंकलनी त्यावर उपाय काढला होता. प्रेसच्या तोंडाशी दोन उभे खांब. एका खांबातून न दिसणारे किरण निघायचे, दुसऱ्यात पोचायचे. मध्ये हात आला की किरण तुटायचे आणि प्रेसने जागच्या जागी थांबायचं. आम्ही त्याला पडदा म्हणायचो. पडद्याची कल्पना अंकलची, त्यातलं सर्किट अंकलचं, सोल्डरिंगचा शेवटचा ठिपकाही त्यांनीच दिलेला.

ते जवळच्याच गास गावचे. ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरातले, पन्नाशीला टेकलेले. दहावीनंतर रेडिओ दुरुस्त करता करता शिकत गेलेले. रोज सकाळी स्कूटरवरून यायचे, पायाशी पिशवीत वाडीतली केळी नाहीतर पालेभाजी. घरी फोन केला की त्यांच्या बोलीत बोलायचे. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, आणि फोन ठेवला की मी त्यांची नक्कल करून पॅकिंगच्या बायकांना हसवायचो. मी स्वतः नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमधला, वडील मुंबईत सरकारी कचेरीत, गाव कोकणात, आणि हातात नुकतीच मिळालेली इंजिनियरिंगची डिग्री. आमच्या चाळीतून बिल्डिंगमध्ये आलेल्या सगळ्या घरांत मी पहिला इंजिनियर होतो आणि ते विसरू देत नव्हतो.

अंकल दुपारी डबा खाताना मला अर्धी भाकरी द्यायचे. मी खायचो.

पडदा एका केबलने कॉम्प्युटरला जोडलेला असायचा. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. लिनक्समध्ये जोडलेलं प्रत्येक उपकरण फाइलसारखं दिसतं. प्रिंटरच्या नावाची फाइल, केबल खोचायच्या मागच्या पोर्टच्या नावाची फाइल. ह्यांना डिव्हाइस फाइल म्हणतात. आपला प्रोग्रॅम ती उघडतो, वाचतो, आणि उपकरण काय म्हणतंय ते त्याला कळतं. अंकलनी लिहिलेला प्रोग्रॅम पडद्याची फाइल वाचत बसायचा, आणि हात आला असं वाचलं की प्रेसचा ब्रेक लावायचा.

अडचण अशी की कॉम्प्युटर दुसऱ्या कामात असला, समजा दिवसाचा रिपोर्ट छापत असला, तर ह्या प्रोग्रॅमला वेळ मिळायला जरा उशीर व्हायचा. जरा म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतका. पण प्रेस तेवढ्यात खाली येतो.

एका सोमवारी साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, आम्हाला समोर बसवलं. भांड्यांच्या एका मोठ्या कारखान्यातले दोघे जण दहा दिवसांनी बघायला येणार होते.

"हा उशीर गेला पाहिजे," साहेब म्हणाले.

"कर्नेलमध्ये टाकू," मी म्हणालो.

"हा कर्नल कोण? मिलिटरीतला?"

मी त्यांना समजावलं. कर्नेल म्हणजे सगळ्या सिस्टिमचा गाभा. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे वेळ मागतात, त्याला कोणाकडे मागावा लागत नाही. मॉड्यूल नावाचा छोटा तुकडा लिहून त्याच्या पोटात सरकवता येतो. पडदा वाचायचं काम मॉड्यूलनेच केलं तर उशीर राहणार नाही. टायमर लावायचा, क्षणाक्षणाला आतूनच फाइल उघडून वाचायची.

"आतून डिव्हाइस फाइल वाचायची नाही," अंकल म्हणाले.

"का?"

"फाइल बाहेरच्यांसाठी असते रे. बाहेरचा वाचायला गेला आणि फाइलीत काही नसलं तर कर्नेल त्याला झोपवतं. काही आलं की उठवतं. बाहेरचा झोपला तर काही बिघडत नाही. तू टायमरच्या आतून वाचायला जाणार, तिथे झोपायला परवानगी नाही. झोपलास तर सगळा कॉम्प्युटर बसेल." ते साहेबांकडे वळले. "आत काम करायचं तर सरळ पोर्टशी बोलणारा ड्रायव्हर लिहावा लागेल. करू आपण. सहा-सात आठवडे लागतील."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तुझ्या पद्धतीने?"

"तीन दिवस."

अंकल नकारार्थी मान हलवत होते. मी म्हणालो, "अंकल, हे झोपण्याबिपण्याचं तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकलात?"

साहेब हसले. मीही हसलो, त्यांच्या तोंडावर. अंकलनी खिशातला टेस्टर काढला, बघितला, परत ठेवला.

त्या संध्याकाळी मी नालासोपाऱ्यातल्या सायबर कॅफेत गेलो. जगभरचे लिनक्सवाले जिथे प्रश्न विचारायचे तिथे मी माझा प्रश्न टाकला: कर्नेल मॉड्यूलमधून डिव्हाइस फाइल कशी वाचायची? दुसऱ्या दिवशी दोन उत्तरं होती. एकाने लिहिलं होतं, वाचू नकोस, तुला मुळात करायचं काय आहे ते सांग. दुसऱ्याने कोड दिला होता. मी कोड छापून घेतला.

त्यात एक चलाखी होती. फाइल वाचताना मजकूर कुठे ठेवायचा तो पत्ता कर्नेलला द्यावा लागतो, आणि हा पत्ता बाहेरच्याच जागेचा आहे ना, ह्याची कर्नेल झडती घेतं. ही झडती तेवढ्यापुरती बंद करायची दोन ओळींत सोय होती. मी त्या दोन ओळी लिहिल्या. मॉड्यूल चाललं. बुधवारी दुपारी पडद्यात घातलेली पट्टी दिसताक्षणी प्रेस थांबला, तोही रिपोर्ट छापायला लावलेला असताना. साहेबांनी सगळ्यांना वडापाव मागवला.

अंकल खाली बसून प्रेसचा ब्रेक बघत होते. "फाइल रिकामी मिळाली तर?" त्यांनी विचारलं.

"रिकामी मिळत नाही. तुमचा पडदा सारखा बोलत असतो ना. मी आहे, मी आहे, ठीक आहे."

"नेहमी?"

"तुम्हीच बनवलाय."

खरं म्हणजे तेवढ्यावरही अनर्थ झाला नसता. ब्रेकच्या कार्डावर अंकलनी राखणीचं एक छोटं सर्किट बसवलेलं होतं. कॉम्प्युटरने त्याला सतत इशारा देत राहायचं. इशारा थांबला, म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला किंवा मेला, की ते सर्किट आपण होऊन ब्रेक लावायचं. मॉड्यूल लिहिताना मी ते सारखं आत टाकत-काढत होतो, आणि दर वेळी हे सर्किट ब्रेक लावायचं, मग सगळं पुन्हा चालू करा. मला वैताग आला. मी त्याच्या दोन पायांमध्ये लाल वायरचा तुकडा सोल्डर करून त्याला गप्प केलं.

काम झाल्यावर काढायचा होता. पाहुणे येण्याच्या आदल्या दुपारी मी तो काढलाही. तासाभरात प्रेस दोनदा काही कारण नसताना थांबला. कॉम्प्युटर अडखळत होता आणि राखण आपलं काम करत होती, एवढाच त्याचा अर्थ. मला तो कळला नाही असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. पण पाहुण्यांसमोर मशीन उगाच थांबलं तर माझी शोभा होईल, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. मी वायर परत लावली, ब्रेकच्या पेटीचं झाकण बंद केलं, चारही स्क्रू आवळले. अंकल तेव्हा बाहेर स्कूटर पुसत होते.

पाहुणे सकाळी अकराला आले. एक म्हातारा, एक त्याचा भाचा. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अंकलनी नेहमीसारखे केळीचे दांडे आणले होते. घड उतरवून केळी काढली की मधला जो जाड दांडा उरतो, तो ते हाताच्या जागी घालून दाखवायचे. प्रेस न थांबता ठकाठक चालत ठेवायचा आणि दांडा आत सारायचा. प्रेस थांबायचा. पुन्हा चालू, पुन्हा दांडा. दहा वेळा दाखवलं, दहाही वेळा थांबला. रिपोर्ट छापत असतानाही थांबला.

म्हातारा म्हणाला, "दांडा ठीक आहे हो. पण आमच्याकडे कामाला माणसं आहेत. हात घालून दाखवा."

साहेबांनी अंकलकडे बघितलं. आधीच्या प्रोग्रॅमच्या वेळी अंकलनी प्रेस अगदी संथ ठेवून एक-दोनदा स्वतःचा हात घातलेला होता.

"आज नाही," अंकल म्हणाले. "प्रोग्रॅम नवा आहे. अजून थोडे दिवस चालू द्या."

भाच्याने घड्याळात बघितलं. साहेबांचा चेहरा पडला, आणि मला ते दिसलं.

"प्रोग्रॅमची मला पूर्ण खात्री आहे," मी म्हणालो. "अंकलना बहुतेक त्यांच्या पडद्याची खात्री नसावी."

पाहुणे हसले. अंकल माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखाद्या सर्किटमध्ये काय बिघडलंय ते शोधताना बघायचे तसे.

"पडद्याची मला खात्री आहे," ते म्हणाले.

"मग?"

एवढाच शब्द मी बोललो. बाकी सगळं विसरलो तरी तो शब्द मी कुठे उभा राहून बोललो, कुठला हात कमरेवर होता, ते मला आठवतं.

अंकलनी डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. उजव्या हाताने क्रूसाची खूण केली. कपाळ, छाती, दोन्ही खांदे. मी पॅकिंगच्या बायकांकडे बघून भुवया उडवल्या. मग त्यांनी डावा हात आत घातला. ते उजव्या हाताने काम करणारे होते. कुठला हात घालवायचा ते त्यांनी आधीच ठरवलं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

प्रेसचा आवाज बदलला नाही. मला वाटायचं, असं काही झालं तर आवाज बदलत असेल. ठक झालं, जसं मघापासून होत होतं, आणि पुढचंही ठक झालं. साहेबांनी मेन स्विच खाली ओढला. अंकल ओरडले नाहीत. त्यांनी हात बाहेर घेतला, उजव्या हाताने मनगट दाबून धरलं, आणि खाली बसले. अंगठा होता. बाकीची चार बोटं खालच्या साच्यावर होती.

एक बाई किंचाळायला लागली ती थांबेना. पाहुण्यांच्या गाडीत घालून अंकलना वसईतल्या इस्पितळात नेलं. साहेब पुढे बसले, म्हातारा मागे अंकलना धरून. बोटं एका बाईने धुतलेल्या फडक्यात गुंडाळून दिली. ती परत बसवण्यासारखी राहिलेली नव्हती.

गाडी गेल्यावर मी कॉम्प्युटरकडे गेलो. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या आकड्यांच्या रांगा होत्या. सगळ्यात खाली कर्नेल मरताना लिहून जातं ती ओळ. ती एका किंकाळीने सुरू होते, कोणा लिहिणाऱ्याने गमतीने ठेवलेली, आणि मग सांगते की इंटरप्टमध्ये, म्हणजे टायमरसारख्या आतल्या कामात असताना हे घडलं, आता पुढे जाता येत नाही. म्हणजे आत कोणीतरी झोपायला गेलं होतं. अंकलनी सांगितलं होतं तिथेच.

ती ओळ मी तीन-चार वेळा वाचली. मग बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. पेटीचे चार स्क्रू काढले, लाल वायर कापली, सोल्डरचे ठिपके तापवून साफ केले, झाकण लावलं. वायरचा तुकडा मागच्या गटारात टाकला. माझा हात थरथरत नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी लोकांना माझी वेगळी आठवण सांगत आलो.

साहेब दोन वाजता आले. शर्टाची बाही रक्ताने कडक झाली होती. "काय झालं रे?"

"पडद्याची केबल सैल असणार," मी म्हणालो. "हात आलाय असं माझ्या मॉड्यूलला कळलंच नाही."

"म्हणजे अंकलच्या बाजूने चूक."

"हो."

काही दिवसांनी तपासणीला सरकारी माणूस आला. त्याने कॉम्प्युटरची वायर उपटून बघितली. राखणीच्या सर्किटने लगेच ब्रेक लावला. त्याने दांडा घालून बघितला, प्रेस थांबला. त्याने विचारलं, यंत्र व्यवस्थित आहे, मग माणसाने चालत्या प्रेसमध्ये हात का घातला? साहेब म्हणाले, आम्ही नको म्हणत होतो. मी त्याला थंड सरबत आणून दिलं. त्याने कागदावर निष्काळजीपणा असा शब्द लिहिला. अक्षर सुंदर होतं त्याचं.

मी इस्पितळात गेलो नाही. पॅकिंगच्या बायका जाऊन आल्या. त्यांनी मला सांगितलं, अंकल तुझी चौकशी करत होते, जेवतो का वेळेवर म्हणून. माझा त्यावर विश्वास बसला नाही आणि बसला असता तरी मी गेलो नसतो.

तिसऱ्या आठवड्यात आंटी आल्या. अंकलच्या पत्नी. ह्याआधी मी त्यांना एकदाच बघितलं होतं, नाताळात डबा घेऊन आल्या होत्या तेव्हा. साध्या सुती साडीत दारात उभ्या राहिल्या, चपला बाहेर काढल्या. हातात वहीचे चार कागद, घडी घातलेले.

"ह्यांनी लिवून दिलंय," त्या साहेबांना म्हणाल्या. "तुम्ही वाचावं म्हनून. कोनी दुसऱ्याने नको."

अंकलनी ते इंग्रजीत लिहिलं होतं, बहुधा आपलं म्हणणं सरकारी माणसापर्यंतही जावं म्हणून. साहेब मोठ्याने वाचायला लागले. अंकलची इंग्रजी वाक्यं मोडकी होती. फाइल झोपली, असं लिहिताना त्यांनी 'स्लीप'चं भूतकाळी रूप चुकवलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मला दाखवलं, आणि आम्ही दोघं हसलो. आंटी आमच्याकडे बघत होत्या. काय चुकलंय ते त्यांना माहीत नव्हतं, पण कोणाला हसतायत ते कळत होतं.

मग मी कागद हातात घेऊन वाचले आणि माझं हसू थांबलं. इस्पितळाच्या खाटेवर पडून, कॉम्प्युटर समोर नसताना, त्या माणसाने सगळं शोधून काढलं होतं. त्यांचा पडदा तुटलेला किरण खरंच तुटलाय ना म्हणून प्रत्येकी तीन वेळा तपासायचा आणि मगच पुढचं बोलायचा. दांड्याने दोन किरण तुटत. पंजा आणि मनगट मिळून नऊ. नऊ किरण तीन-तीनदा तपासेपर्यंत पडदा गप्प. तेवढ्यात माझ्या टायमरची पाळी आली, फाइल रिकामी मिळाली, वाचणारा झोपायला गेला आणि कॉम्प्युटर मेला. त्यांनी वेळेच्या रेघा काढून प्रत्येक क्षणाचा हिशेब मांडला होता. दोष द्यायला माझं नाव कुठेही घेतलं नव्हतं. शेवटी फक्त एक प्रश्न होता: कॉम्प्युटर मेल्यावर राखणीच्या सर्किटने ब्रेक का लावला नाही, ते कृपा करून विचारावं.

"असं होऊ शकतं का?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "अंकलना कर्नेलमधलं काही कळत नाही. दुखणं थांबायला गोळ्या देतात, त्यानेही माणूस काहीबाही लिहितो."

आंटी मला म्हणाल्या, "मला ह्यातलं काय समजत नाय. पन तू माझ्याकडे बघून सांग. ह्यांचा पडदा वायट होता?"

"आंटी..."

"बघून सांग."

मी त्यांच्याकडे बघितलं. "हो," मी म्हणालो. "पडदा खराब होता."

त्यांनी मान हलवली. साहेबांनी चहा मागवतो म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. बाहेर जाऊन चपला घातल्या. मी दारातून बघत होतो. त्या रस्त्यापर्यंत गेल्या, थांबल्या, कुठल्या बाजूने स्टेशन ते विसरल्यासारख्या दोन्हीकडे बघितलं, आणि मग चुकीच्या बाजूला चालायला लागल्या. मी हाक मारली नाही.

कागद मी साहेबांकडून मागून घेतले, फाडून टाकतो म्हणून. फाडले, पण चार दिवसांनी. आधी त्यांवरून माझं मॉड्यूल दुरुस्त केलं. मग साहेबांना सांगून रीतसर ड्रायव्हर लिहिला, पोर्टशी सरळ बोलणारा, कुठलीही फाइल न उघडणारा. मला सात आठवडे लागले. पडदा तोच ठेवला, अंकलचा, जसाच्या तसा, कारण त्यात बदलण्यासारखं काही नव्हतंच. त्या कारखान्याने आमची उपकरणं घेतली. इतरांनीही घेतली. ती चांगली होती. कित्येक माणसांची बोटं त्यांनी वाचवली असणार, आणि साहेब पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, हे सगळं ह्याच्या डोक्यातून निघालंय.

अंकलना परत घेतलं नाही. सोल्डरिंग करायचं तर एका हातात तापलेलं आयर्न लागतं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत तार. साहेब म्हणाले, त्यांना बोलावून काय करू, समोर बसवून ठेवू का? ते खरंच होतं.

वर्षभरात मला बंगळूरला नोकरी लागली. मुलाखतीत एकाने विचारलं, समजा कर्नेल मॉड्यूलमधून तुला एखादी डिव्हाइस फाइल वाचायची आहे, कशी वाचशील? मी म्हणालो, वाचणार नाही. फाइल बाहेरच्यांसाठी असते. आत काम करायचं तर सरळ हार्डवेअरशी बोलायचं. त्याने बाकीच्यांकडे बघून मान डोलावली. मला तिथल्या तिथे घेतलं.

पुढे काही वर्षांनी वडिलांनी नालासोपाऱ्याचा फ्लॅट विकायला काढला, त्या कामासाठी मी आठवडाभर आलो होतो. साहेब तोवर वारले होते. गाळ्यात कोणीतरी प्लास्टिकच्या बादल्या बनवत होतं. एका दुपारी मी बस पकडून गासला गेलो. कोणाला न विचारता घर सापडलं, कारण दारात ती स्कूटर उभी होती, गंजलेली, सीटवर कोंबडी बसलेली.

अंकल मागच्या वाडीत अळूच्या पानांच्या जुड्या बांधत होते. सुतळीचं एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात, आणि डाव्या हाताच्या उरलेल्या पंजाने जुडी मांडीवर दाबून धरलेली. मला बघून त्यांनी दातातली सुतळी सोडली नाही. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "ये."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. वायरचं सांगितलं, स्क्रीनवरच्या ओळीचं, आंटींशी खोटं बोललो ते. मी ते बसमध्ये मनात पाठ केलेलं होतं.

"वायरचं माहिती होतं," ते म्हणाले. "म्हणजे वायर आहे का अजून काय ते नव्हतं माहिती. पण सर्किट मी बनवलेलं. त्याला कोणी गप्प केल्याशिवाय ते गप्प बसणार नाही."

"मला माफ करा, अंकल."

"साहेबांना सांगितलंस?"

"ते वारले."

"त्या सरकारी माणसाला?"

"तो कुठे असेल, काय माहीत."

"ज्यांना सांगायचं होतं ते सगळे संपल्यावर माझ्याकडे आलास," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला काय सांगतोस? मला सगळं ठाऊकच होतं."

आंटी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. पाणी विचारलं नाही, आतही गेल्या नाहीत.

अंकलनी पुढची जुडी हातात घेतली. "एक काम कर. माझी मुलगी कॉलेजातून येईल आता. तेव्हा लहान होती ती. तिने तो सरकारी कागद वाचलाय. बापाच्या चुकीने बापाचा हात गेला असं तिला वाटतं. मी सांगितलं तर म्हणते, पप्पा, जाऊ दे ना आता. तिला तू सांग. मला जे सांगितलंस तेच. मग मी तुला माफ केलं असं समज."

"कधी येते?"

"साडेचारच्या बसने."

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. अंकल जुड्या बांधत राहिले. त्या मुलीला काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागलो, आणि दर वेळी तिचा प्रश्न आधी ऐकू यायचा, मग तुम्ही हसत का होतात? अंकलनी तिला ते सांगितलं असेल का, मला माहीत नव्हतं. आंटींनी नक्की सांगितलं असेल.

चार वीसला मी उठलो. "फ्लॅट बघायला लोक येणार आहेत," मी म्हणालो. "मी पुन्हा येईन. उद्या येईन."

अंकलनी वर बघितलं नाही. आंटी मात्र दारातून म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. पोरीने कशाला बघायचा?"

मी भराभर चालत नाक्यावर आलो. बस आली ती तीच होती, साडेचारची, पाच मिनिटं आधी. पुढच्या दाराने एक मुलगी उतरली, खांद्याला पिशवी, हातात वह्या. नाक आणि कपाळ थेट अंकलचं. वाट द्यायला मी बाजूला झालो. "थँक्यू हां," ती म्हणाली आणि वाडीच्या रस्त्याला लागली.

मी बसमध्ये चढलो. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं, मी स्टेशन म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही.